मुखत्यार ते भाष्यकार : हिलरी रोझेन यांचे स्थित्यंतर आणि मायन्याचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

‘रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची प्रातिनिधिक संस्था. कायदेमंडळ, न्यायालये आणि वृत्तपत्रे यांच्यापुढे या कंपन्यांची बाजू मांडणे हे तिचे मुख्य कार्य होय. संस्थेच्या प्रमुख हिलरी रोझेन यांनी २००३ च्या मध्यास आपले पद सोडले आणि त्याच वर्षी सीएनबीसी या वृत्तवाहिनीने त्यांना भाष्यकार म्हणून घेतले. पुढील काळात सीएनएन या वाहिनीवरही त्या राजकीय भाष्यकार म्हणून दीर्घकाळ दिसत राहिल्या.

वरवर पाहता ही एका व्यावसायिकाच्या कारकिर्दीतील साधी बदली वाटते. परंतु साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला या घटनेत एक निराळा प्रश्न दिसतो. व्यक्ती तीच, वाणी तीच, युक्तिवादाचे कौशल्यही तेच. मात्र काल ज्या वाणीला ‘अमुक पक्षाची बाजू’ म्हणून ऐकले जात होते, तिलाच आज ‘भाष्य’ म्हणून ऐकले जाते. संहिता न बदलता तिचा वाचनप्रकार बदलतो. हा बदल कशामुळे घडतो, आणि त्यात श्रोत्याच्या हातून नेमके काय निसटते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा शोध बंगळूर शहरातील चिकपेटेपासून सुरू करण्यास दोन कारणे आहेत. गीताशी संबंधित जे पक्ष अमेरिकेच्या वादात परस्परांपासून दूर आणि अमूर्त भासतात, ते या पेठेच्या परिसरात काही मिनिटांच्या अंतरावर शेजारी शेजारी उभे आहेत. शिवाय सतराव्या शतकात याच नगरात शहाजीराजांची राजसभा भरत होती आणि तिच्या आश्रयाने बहुभाषिक काव्यरचना झाली. आश्रयदात्याचे नाव घेऊन बोलणारी वाणी आणि ते न घेता बोलणारी वाणी यांतील भेद तपासण्यास ही भूमी अनुकूल आहे.

२. चिकपेट : गीताचे तीन पक्ष

केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या पेठेच्या मुख्य रस्त्यांपैकी एक म्हणजे चिकपेट. कन्नड ‘चिक्क’ म्हणजे लहान; मराठी वाचकाला ‘पेटे’ या शब्दाचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. रेशमी साड्या आणि कापड यांचा हा जुना बाजार. २०१७ मध्ये येथे भुयारी मेट्रोचे स्थानक झाले, तरी बाजाराचे मूळ स्वरूप टिकून आहे. लगतच्या बळेपेटेत वाद्यांची दुकाने आहेत : वीणा, मृदंग, तबला, हार्मोनियम. दुसऱ्या बाजूस सदर पत्रप्पा रस्ता हा विद्युत् उपकरणांचा आणि संगणकांच्या सुट्या भागांचा बाजार आहे.

गीत ज्यावर निर्माण होते ते साधन एका गल्लीत, आणि गीताची प्रत ज्यावर निघते ते साधन दुसऱ्या गल्लीत, अशी ही रचना आहे. या दोहोंच्या मध्ये ध्वनिमुद्रिका विकणारा व्यापारी असतो. १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितींनी भारतीय संगीताचा बाजार आमूलाग्र बदलून टाकला. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, एका मोठ्या कंपनीच्या जवळजवळ एकाधिकाराखाली असलेले क्षेत्र स्वस्त ध्वनिफितीमुळे असंख्य लहान उत्पादकांना खुले झाले. बंगळुरातील ‘लहरी’ सारख्या कंपन्यांची वाढ याच परिस्थितीत झाली. त्याच काळात आवडीच्या गाण्यांची यादी दुकानदाराला देऊन कोऱ्या फितीवर ती भरून घेण्याची रीत भारतातील बहुतेक शहरांत रूढ होती. ग्राहकाच्या दृष्टीने ती सोय होती. कंपनीच्या दृष्टीने ती चोरी होती. ज्याने ते गीत लिहिले अथवा गायिले त्याचे म्हणणे मात्र क्वचितच कोणी विचारले.

यातून तीन पक्ष स्पष्ट होतात : गीत निर्माण करणारा कलावंत, त्याचे मुद्रण करून विकणारी कंपनी आणि त्याची प्रत काढणारा श्रोता. संगीत-उद्योगाचा मुखत्यार यांपैकी मधल्या पक्षाचा असतो. पण सार्वजनिक वादात तो बहुधा पहिल्या पक्षाच्या नावाने बोलतो. ‘कलावंतांचे हक्क’ हा त्याच्या युक्तिवादाचा दर्शनी शब्द असतो. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात मार्क्सच्या जर्मन गद्यातील दोन शब्दांचा भेद दाखविला होता : एखाद्याच्या वतीने बोलणे आणि एखाद्याचे चित्र उभे करणे. मराठीत पहिल्यासाठी ‘मुखत्यारी’ आणि दुसऱ्यासाठी ‘चित्रण’ हे शब्द योजता येतील. ‘प्रतिनिधित्व’ या एकाच शब्दाने दोन्ही सुचविल्यामुळे होणारा गोंधळ येथे टाळणे आवश्यक आहे. संगीत-उद्योगाचा प्रतिनिधी कंपनीची मुखत्यारी करतो आणि कलावंताचे चित्रण करतो.

३. मुखत्यारीचा काळ

रोझेन १९८७ मध्ये वरील संस्थेत आल्या आणि १९९८ ते २००३ या काळात तिच्या मुख्याधिकारी होत्या. अंकीय तंत्रज्ञानाने ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाचा पाया हलविला तो हाच काळ. १९९८ मध्ये अमेरिकेत अंकीय सहस्रकासाठीचा स्वामित्वहक्क कायदा संमत झाला. त्याच वर्षी खिशात मावणाऱ्या ‘रिओ’ या ध्वनियंत्राच्या उत्पादकाविरुद्ध संस्थेने दावा लावला. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल उत्पादकाच्या बाजूने दिला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘नॅप्स्टर’ या विनिमयसेवेविरुद्ध ध्वनिमुद्रण कंपन्यांनी खटला भरला. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय कंपन्यांच्या बाजूने लागला आणि त्या वर्षीच्या जुलैत ती सेवा बंद पडली. या संपूर्ण संघर्षात उद्योगाचा सार्वजनिक आवाज रोझेन यांचा होता.

मुखत्यारी आणि चित्रण यांतील अंतर उघडे पडले ते मात्र नॅप्स्टरच्या खटल्यात नव्हे, तर त्या मानाने कमी गाजलेल्या एका प्रकरणात. नोव्हेंबर १९९९ मध्ये उपग्रह-प्रसारणासंबंधीच्या एका विधेयकात एक लहानशी दुरुस्ती समाविष्ट झाली. तिच्यामुळे ध्वनिमुद्रणांची गणना ‘नेमणुकीने करवून घेतलेल्या कृतीं’च्या वर्गात होऊ लागली. अमेरिकेच्या कायद्यानुसार कलावंताला आपला हस्तांतरित केलेला हक्क पस्तीस वर्षांनी परत मागता येतो. परंतु नेमणुकीने करवून घेतलेल्या कृतीला ही तरतूद लागू होत नाही. म्हणजे चार-दोन शब्दांच्या भरीने गायकांचा एक मोलाचा हक्क नाहीसा होण्याची वेळ आली. कंपन्यांच्या मते ही केवळ प्रचलित स्थितीची स्पष्टता होती. कलावंतांच्या मते ती हक्कांची हानी होती. २५ मे २००० रोजी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे झालेल्या सुनावणीत हिलरी रोझेन आणि गायिका शेरिल क्रो या दोघींनी साक्ष दिली, ती परस्परविरुद्ध. ज्यांच्या नावाने आजवर बोलणे चालले होते, ते स्वतःच येऊन निराळे बोलू लागले. त्याच वर्षी ही दुरुस्ती रद्द झाली.

या प्रकरणाचा उत्तरार्धही बोधक आहे. दुरुस्ती घालण्याच्या कामी ज्यांचे नाव पुढे आले, ते उपसमितीचे विधी-सल्लागार मिच ग्लेझियर २००० मध्येच ध्वनिमुद्रण संस्थेच्या सेवेत दाखल झाले आणि २०१९ मध्ये तिचे प्रमुख झाले. रोझेन यांच्यानंतर प्रमुखपदी आलेले मिच बेनवॉल हे सिनेटमधील बहुमताच्या नेत्याचे कार्यालय-प्रमुख राहिलेले होते. कायदेमंडळ, उद्योगसंस्था आणि वृत्तवाहिनी या तीन सभागृहांमधील दारे एकमेकांत उघडतात. रोझेन यांचे स्थित्यंतर हे या रचनेतील एक उदाहरण आहे. त्याला वैयक्तिक नीतिअनीतीचा प्रश्न मानल्यास मूळ मुद्दा हातचा जाईल.

४. वाहिनीवरील भाष्य

सप्टेंबर २००३ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गीतांची देवघेव करणाऱ्या २६१ व्यक्तींवर दावे दाखल केले. शत्रू आता एखादी कंपनी नव्हती, सामान्य श्रोता होता. रोझेन यांनी पद सोडले होते. दावे त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांच्या काळात दाखल झाले. तरी ज्या वर्षी उद्योग आणि श्रोता यांतील संघर्ष घरोघर पोहोचला, त्याच वर्षी उद्योगाच्या कालपर्यंतच्या मुखत्यार वृत्तवाहिनीच्या पडद्यावर सर्वसाधारण घडामोडींच्या भाष्यकार म्हणून आल्या, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

येथे न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पद सोडल्याने मनुष्य मोकळा होऊ शकतो. रोझेन यांनी २००४ मध्ये ‘वायर्ड’ या मासिकात लिहिलेल्या लेखात लॉरेन्स लेसिग यांच्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या मुक्त परवाना-योजनेचा गुण मान्य केला. मुखत्यारपद हाती असताना असे लिहिणे त्यांना अवघड गेले असते. म्हणजे ‘माजी’ हा उपसर्ग प्रत्येक वेळी फसवा असतो असे नाही. कोणत्या वेळी तो खरा आणि कोणत्या वेळी तो केवळ औपचारिक, हे श्रोत्याला कळण्याचे साधन मात्र पडद्यावर नसते.

या साधनाच्या अभावाचा परिणाम ११ एप्रिल २०१२ रोजी दिसून आला. सीएनएनवरील चर्चेत रोझेन यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या पत्नी, पाच मुलगे वाढविलेल्या अ‍ॅन रॉम्नी, यांनी आयुष्यात एक दिवसही काम केलेले नाही अशा आशयाचे विधान केले. गदारोळ उठला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी क्षमा मागितली. परंतु वादाचा गाभा विधानाच्या योग्यायोग्यतेपुरता राहिला नाही. हे विधान कोणाचे, असा प्रश्न निर्माण झाला. रॉम्नी-पक्षाने ते ओबामा-पक्षाचे मानले. ओबामांच्या प्रचारप्रमुखांनी ते तातडीने झिडकारले. त्या वेळी रोझेन वॉशिंग्टनमधील एका जनसंपर्क-संस्थेत वरिष्ठ पदावर होत्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या वर्तुळातील होत्या आणि वाहिनीच्या भाष्यकारही होत्या. तीन भूमिकांपैकी कोणत्या भूमिकेतून ते वाक्य उच्चारले गेले, हे ठरविण्याची सोय त्या वाणीच्या रचनेतच नव्हती.

हे एकट्या रोझेन यांच्यापुरते मर्यादित नाही. एप्रिल २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डेव्हिड बार्स्टो यांचा शोधलेख प्रसिद्ध केला. वाहिन्यांवर स्वतंत्र लष्करी विश्लेषक म्हणून बोलणाऱ्या अनेक निवृत्त अधिकाऱ्यांचे संरक्षण-सामग्री पुरविणाऱ्या कंपन्यांशी संबंध असल्याचे त्यात दाखविले होते. २०१० मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकाने २००७ पासूनच्या काळात किमान पंचाहत्तर नोंदणीकृत मुखत्यार, जनसंपर्क-प्रतिनिधी आणि कंपनी-अधिकारी हे संबंध न सांगता वाहिन्यांवर दिसल्याचे नोंदविले.

या ठिकाणी संगीताच्याच इतिहासातील एक विरोधाभास ध्यानात येतो. १९५९-६० मध्ये अमेरिकेत नभोवाणी-निवेदकांना पैसे देऊन गाणी वाजवून घेण्याचे प्रकार उघडकीस आले. त्यानंतर १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, मोबदला घेऊन काही प्रसारित केल्यास तसे जाहीर करण्याचे बंधन अधिक कडक करण्यात आले. पैसे घेऊन वाजविलेले गाणे श्रोत्याला तसे सांगितलेच पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मानले. परंतु त्या तरतुदीचा रोख विशिष्ट प्रसारणासाठी दिलेल्या मोबदल्यावर आहे. अन्यत्र वेतन घेणाऱ्या भाष्यकाराच्या मतापर्यंत तो सहज पोहोचत नाही. तीन मिनिटांच्या गाण्यामागचा पैसा सांगावा लागतो. अर्ध्या तासाच्या मतामागचा सांगावा लागेलच असे नाही.

५. वकील, स्तुतिपाठक आणि मायना

मराठीत ‘लॉबी’ हा शब्द रूढ आहे, पण तो समूहवाचक म्हणून. ‘साखर लॉबी’ म्हटले की कारखानदारांचा एक अदृश्य गट डोळ्यांपुढे येतो. त्या गटाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र मराठीने स्वतंत्र शब्द स्थिर केलेला नाही. ‘दलाल’ हा शब्द निंदाव्यंजक झाला आहे. वस्तुतः कापडबाजाराच्या जुन्या रीतीत दलाल हा उघड मनुष्य असतो : घेणारा आणि देणारा दोघेही त्याला ओळखतात, आणि त्याची दलाली हा गुपिताचा विषय नसतो. चिकपेटेसारख्या बाजारातील व्यवहार अशाच ओळखीवर चालत आले. शब्दाला आलेली निंदा ही त्याचे काम लपल्यानंतरची आहे.

मराठेशाहीच्या व्यवहारात या कामासाठी असलेला शब्द म्हणजे ‘वकील’. दिल्लीच्या दरबारी हिंगणे घराणे, हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे, अशी नावे इतिहासाच्या वाचकाला परिचित आहेत. वकिलाची कामे दोन. परक्या दरबारात तो आपल्या धन्याची बाजू मांडी. आणि त्या दरबारातील घडामोडींचे अखबार व पत्रे तो धन्याकडे धाडी. म्हणजे बाजू मांडणारा आणि वार्ता-भाष्य करणारा हे दोन्ही एकाच देहात नांदत होते. या दृष्टीने पाहिल्यास मुखत्याराने वार्ताहर अथवा भाष्यकार होणे ही विसाव्या शतकाने निर्माण केलेली विकृती ठरत नाही.

भेद आहे तो मायन्याचा. जुन्या मराठी पत्रलेखनात मायना हा केवळ शिष्टाचार नव्हता. ‘श्रीमंत’, ‘राजश्री’, ‘स्वामींचे सेवेसी’, ‘विनंती’ या पदांच्या क्रमावरून लिहिणारा कोण, वाचणारा कोण आणि दोघांचे नाते काय, हे मजकुराच्या आधी ठरत असे. नाना फडणिसांच्या हाती गोविंदराव काळ्यांचे पत्र पडले की ते कोणाचे अन्न खाणाऱ्याने, कोणत्या दरबारात बसून लिहिले, हे पहिल्या ओळीपूर्वीच ठाऊक असे. पुढील मजकुरातील प्रत्येक विधान त्या ज्ञानाच्या तागडीत तोलले जाई. वकील परदरबारी बोलत असतानाही त्याची नेमणूक सर्वांना ज्ञात असे. एकाच मनुष्याच्या दोन वाण्यांना दोन मायने होते. म्हणून त्या एकमेकींत मिसळत नव्हत्या.

हाच न्याय स्तुतिकाव्याला लागू होतो. विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचा ‘गौरीमहाल’ हा वाडा परंपरेने चिकपेटेच्याच परिसरात सांगितला जातो. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ रचिला. बारा भाषांत रचना करणारा हा कवी शहाजीराजांच्या सभेचे आणि तेथे जमलेल्या नानाभाषी कवींचे वर्णन करतो. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग केला. आश्रिताने केलेल्या स्तुतीतून इतिहास काढता येतो, कारण ती स्तुती आहे आणि ती कोणाच्या आश्रयाने झाली हे ग्रंथ लपवीत नाही. वाचकाला अतिशयोक्ती वजा करता येते. आश्रयदात्याचे नाव नसते, तर तोच ग्रंथ इतिहासकाराला अधिक निःपक्ष वाटला असता आणि म्हणूनच अधिक धोकादायक ठरला असता.

वृत्तवाहिनीच्या पडद्यावर मायन्याची जागा नावाखालील पट्टीने घेतली आहे. ती पट्टी चार-पाच शब्दांची असते आणि व्यक्तीच्या अनेक ओळखींपैकी एक निवडते. ‘विश्लेषक’, ‘माजी प्रमुख’, ‘पक्षाचे रणनीतिकार’ यांपैकी कोणताही शब्द असत्य नसतो. पण लिहिणारा, वाचणारा आणि त्यांचे नाते ही तिन्ही अंगे त्यातून कळत नाहीत. दूरचित्रवाणीवरील भाष्य हे या अर्थाने मायना नसलेले पत्र आहे. रोझेन यांच्या २०१२ च्या वाक्यावर जो वाद झाला, तो एका दृष्टीने हरवलेल्या मायन्याचा शोध होता.

६. वाद आणि जल्प

‘भाष्यकार’ या शब्दाची निवडही तपासण्याजोगी आहे. संस्कृत परंपरेत भाष्य हे मूळ ग्रंथाला बांधलेले असते. भाष्यकार पूर्वपक्ष मांडतो, त्याचे खंडन करतो, आणि आपण कोणत्या संप्रदायाचे हे तो लपवीत नाही. ज्ञानदेवांनीही गीतेवरील आपल्या व्याख्यानाच्या शेवटी आपण पूर्वीच्या भाष्यकारांना वाट विचारीत आलो असे नमूद करून आपल्या वाणीचे ऋण उघड केले आहे. वाहिनीवरील भाष्याला मूळ ग्रंथही नसतो आणि संप्रदायाचा उच्चारही नसतो. प्रतिष्ठा मात्र त्या जुन्या शब्दाची असते.

न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे वादसंवादाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी केलेला तो वाद. विजयासाठी, छल-जाती यांचाही आधार घेऊन केलेला तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी ती वितंडा. विशेष म्हणजे न्यायशास्त्राने जल्पाला शास्त्राबाहेर घालविले नाही. तत्त्वाच्या रक्षणासाठी, बीजाच्या अंकुराभोवती काटेरी कुंपण घालावे तसा, त्याचा उपयोग मान्य केला. म्हणजे मुखत्याराचे बोलणे हे आपल्या जागी वैध आहे. न्यायालयात, समितीपुढे, वाटाघाटीत जल्प चालतो, कारण समोर प्रतिपक्ष असतो आणि दोघांचेही पक्ष जाहीर असतात. २५ मे २००० च्या सुनावणीत रोझेन यांचा जल्प कोणाचीही फसवणूक करीत नव्हता. शेरिल क्रो समोरच होत्या. दोष उत्पन्न होतो तो जल्पाला वादाचे आसन दिल्यावर.

७. भारतीय संदर्भ

भारतातील स्थिती काही अंशी समांतर, काही अंशी वेगळी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या अर्थान्वयात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये चित्रपटगीतांवरील हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जातो असा निर्णय दिला. त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांना उत्पन्नातील वाट्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना मानधनाच्या समान वाट्याचा हक्क दिला. या दुरुस्तीचा संसदेत आणि बाहेर पाठपुरावा करणाऱ्यांत कवी-गीतकार जावेद अख्तर अग्रभागी होते. २०१० पासून ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. त्यांचे हितसंबंध या प्रश्नात थेट गुंतलेले होते, आणि ते सर्वांना दिसत होते. राज्यसभेच्या कार्यपद्धतीच्या नियम २९४ नुसार, विचाराधीन विषयात सदस्याचा आर्थिक हितसंबंध असल्यास तो त्याने जाहीर करावयाचा असतो. मायन्याचे हे संसदीय रूप म्हणता येईल. अशा वाणीला पक्षपाती म्हणता येईल, पण फसवी म्हणता येणार नाही.

मुखत्यारीच्या बाजूचे जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांनी शासकीय सेवेनंतर ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ या १९३६ पासूनच्या संस्थेच्या चाचेगिरीविरोधी मोहिमेचे नेतृत्व केले, आणि वृत्तपत्रांतून सार्वजनिक प्रश्नांवर ते दीर्घकाळ लिहीत आले आहेत. त्यांच्या लेखनाच्या प्रामाणिकतेविषयी येथे कोणताही प्रश्न नाही. वाचक त्यांना पोलीस अधिकारी म्हणून ओळखतो. संगीत-उद्योगाशी आलेला संबंध त्याच्या स्मरणात क्वचितच असतो. अनेक ओळखींपैकी एकच ओळख पुढे राहते, ही प्रक्रिया व्यक्तीच्या हेतूशिवायही घडते, एवढे या उदाहरणावरून दिसते.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार मुखत्यारांना नोंदणी करावी लागते. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘ओपन’ व ‘आउटलुक’ या नियतकालिकांनी एका जनसंपर्क-व्यावसायिक स्त्रीची काही पत्रकारांशी झालेली दूरध्वनी-संभाषणे प्रसिद्ध केली. मुखत्यार आणि दूरचित्रवाणी यांच्यातील नात्याचा प्रश्न भारतीय प्रेक्षकापुढे तेव्हा प्रथमच ठळकपणे आला. मराठीत २००७ पासून चोवीस तास वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि ‘राजकीय विश्लेषक’ ही पट्टी मराठी घरांत नित्याची झाली. त्या पट्टीखाली काय लिहिलेले नाही हा प्रश्न म्हणून मराठीलाही परका नाही.

संगीताचे हक्क हा केवळ बाजाराचा विषय नाही, याचा प्रत्यय बंगळुरातच आला. एका कन्नड चित्रपटातील गीत राजकीय यात्रेच्या चित्रफितीत वापरल्याच्या ‘एमआरटी म्युझिक’ या कंपनीच्या तक्रारीवरून ७ नोव्हेंबर २०२२ रोजी येथील वाणिज्य न्यायालयाने काँग्रेस पक्षाची ट्विटरवरील खाती रोखण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी, वादग्रस्त मजकूर काढून टाकण्याच्या अटीवर, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो आदेश बाजूस सारला. एका गीताच्या मालकीवरून राजकीय पक्षाची वाणी दिवसभर का होईना संकटात आली. अशा प्रसंगी वाहिनीवर बसून स्वामित्वहक्काचा अर्थ सांगणारा मनुष्य कोणाचा, हे ठाऊक असणे ही नागरिकाची मूलभूत गरज ठरते.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मुखत्याराने भाष्यकार होणे हे स्वतः आक्षेपार्ह नाही. वकिलाच्या पत्रांवर मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग उभा आहे आणि आश्रित कवीच्या चंपूतून बंगळूरची राजसभा आपल्याला दिसते. हितसंबंध असलेली वाणी ज्ञान देऊ शकते, मात्र तो हितसंबंध संहितेचाच भाग असला पाहिजे. दुसरे असे की, मुखत्यारी आणि चित्रण यांतील अंतर लक्षात येण्यासाठी, ज्याचे चित्रण होते त्याला स्वतः बोलण्याची जागा लागते. १९९९ ची दुरुस्ती गायकांनी येऊन साक्ष दिल्यानंतर टिकली नाही. वाहिनीच्या चर्चेत असा साक्षीदार बहुधा बोलावलेला नसतो.

आणि शेवटचे म्हणजे, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या कक्षेबाहेरचा नाही. पत्र, अखबार, स्तुतिकाव्य, साक्ष, भाष्य हे सर्व प्रकार ‘कोण, कोणाला, कोणाच्या वतीने’ या तीन प्रश्नांना निरनिराळी उत्तरे देतात. नवे माध्यम आले की ही उत्तरे प्रथम पुसट होतात, आणि वाचनाचे नवे संकेत रूढ होईपर्यंत वाचक उघड्यावर असतो. जुन्या दप्तरांतील पत्र हाती घेताना अभ्यासक आधी मायना वाचतो. पडद्यावरील वाणी ऐकतानाही तीच सवय लावून घेण्यास त्याला नवे शास्त्र शिकावे लागणार नाही.